फळी मोडते नाळेवर, चूक असते सांगाड्यात

वाचकाचे पत्र: मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. वय ६१. माझे वडील शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतायच्या वस्तूंचे लाकडी नमुने, करीत असत. त्यांच्या पटाश्या, रंधे, कानशी आणि पोलादी मोजपट्ट्या मी जपून ठेवल्या आहेत. गेल्या जून महिन्यात मुलाने मला तीन डोलकाठ्यांच्या जुन्या युरोपीय लढाऊ जहाजाचा, १:७५ प्रमाणातला लाकडी संच आणून दिला आणि मी पावसाळाभर त्याच्यावर काम केले. फळ्या रात्रभर पाण्यात भिजवून बसवल्या, तरी नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापाशी, चार-पाच फळ्या तडकल्या. पुढच्या बाजूला फळ्या एकमेकींवर चढतात आणि मागच्या बाजूला पाचरीसारख्या फटी राहतात. आता मार्च महिन्यात तर जहाजाच्या सबंध अंगावर बारीक भेगा दिसू लागल्या आहेत. डेकची फळी मोडली म्हणून नकाशावरून २८० मि.मी. माप घेऊन नवी कापली, ती जवळजवळ ३ मि.मी. लांब आली, पुन्हा कापली तरी तेच झाले. दोरकामाकडे पाहण्याचे तर धाडसच होत नाही. हे सारे मोडून नव्याने सुरुवात करावी का? पुढे मराठा आरमारातली गुराब ही लढाऊ नौका करण्याची फार इच्छा आहे. नातू विचारतो, हे जहाज रंकाळा तलावात सोडता येईल का? — एक वाचक भगिनी

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

जहाज मोडू नका. आपल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकाच ठिकाणी आहे, आणि डेकच्या तक्रारीचे मूळ बहुधा आपल्या वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत आहे. ती तक्रार सोपी असल्याने आधी तीच निकालात काढू.

पॅटर्न करणारे कारागीर बहुतेक कामे साध्या मोजपट्टीने करीत नाहीत. ओतलेला धातूचा रस थंड होताना आकसतो, त्यामुळे पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. बिडासाठी ही वाढ साधारण १ टक्का आणि पोलादासाठी साधारण २ टक्के धरतात. प्रत्येक मापाला हा हिशेब करीत बसण्याऐवजी त्या धंद्यात तेवढ्या प्रमाणात मुळातच ताणून आखलेली पट्टी वापरतात. दिसायला ती अगदी साध्या पट्टीसारखी असते, पण बिडाच्या पट्टीवरचे २८० मि.मी. म्हणजे प्रत्यक्षातले २८२.८ मि.मी. होतात, आणि आपली फळी नेमकी तेवढीच लांब येते आहे. नातवाच्या दप्तरातली पट्टी तिच्याशेजारी ठेवून पाहा, ३०० मि.मी.च्या खुणेपाशी दोहोंत ३ मि.मी.चा फरक पडला तर शंका उरणार नाही. या पट्टीने जहाजाची आणखी कोणकोणती मापे घेतली तेही आठवून पाहावे, कारण डोलकाठ्यांच्या जागा त्याच पट्टीने आखल्या असतील तर त्या पुन्हा आखाव्या लागतील.

आता मूळ दुखणे. आपल्या संचात जहाजाचा कणा म्हणजे कील आणि त्यावर आडव्या बसवलेल्या चौकटी म्हणजे बल्कहेड हे प्लायवुडचे असतील, आणि ते यंत्राने कापलेले असल्यामुळे त्यांचे काठ काटकोनात असतील. जहाजाच्या मध्यभागी हे चालते, कारण तिथे फळी चौकटींवरून जवळजवळ सरळ जाते. नाळेकडे मात्र जहाजाचे अंग झपाट्याने आत वळते, तिथे काटकोनी काठाचा फक्त एक कोपरा फळीला टेकतो आणि फळी त्या कोपऱ्यावर, उंबरठ्यावर काठी मोडावी तशी, वाकते. आपल्या फळ्या तडकल्या त्या इथे, आणि काही उचलल्या गेल्या असतील तर त्याही इथेच, कारण गोंद धरायला पुरेशी जागाच नव्हती. फळी कितीही भिजवली तरी हे टळत नाही. पहिली फळी चिकटवण्याआधी प्रत्येक चौकटीचा काठ जहाजाच्या वळणानुसार तिरका करून घ्यावा लागतो. जहाजाच्या पुढच्या अर्ध्या भागात चौकटींची नाळेकडची कड उतरवायची आणि मागच्या अर्ध्या भागात सुकाणूकडची. संचाबरोबरच्या पत्रकात या कामाला बहुधा एखादे वाक्य दिलेले असते. माझ्या मते या छंदातले निम्मे कौशल्य त्या वाक्यात आहे, आणि घाईत लोक तेच वाक्य ओलांडून पुढे जातात.

हे काम हातात घेतलेल्या पॉलिश पेपरच्या तुकड्याने करू नये, कारण बोटे प्रत्येक चौकटीला वेगळा आकार देतात. सुमारे ३० सें.मी. लांबीची, किंचित लवणारी लाकडी पट्टी घ्या, तिला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि एका वेळी निदान तीन चौकटींवरून ती तिरकी फिरवा, म्हणजे शेजारच्या चौकटी आपोआप एका वळणात येतात. मधूनमधून एक कोरी फळी बोटांनी चौकटींवर दाबून धरा आणि दिव्याकडे तोंड करून पाहा. फळी प्रत्येक चौकटीच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. जिथे ती उंचवट्यावर चढते तिथे आणखी घासा आणि जिथे तिच्याखाली उजेड दिसतो तिथे लाकडाची पातळ कपची चिकटवून पुन्हा घासा. आपण पॅटर्नकाराच्या कन्या आहात. पॅटर्नवर डोळे मिटून तळहात फिरवणारे वडील आपण पाहिले असतील, तर इथे तेच करायचे आहे. डोळ्याला न दिसणारा खड्डा हाताला कळतो.

नाळ आणि तिच्यामागची पहिली चौकट यांच्यामधली पोकळी लाकडाच्या ठोकळ्याने भरून तो ठोकळाही त्याच वळणात घासून घ्यावा. कोकणात खेळण्यांसाठी आणि मुखवट्यांसाठी वापरतात तो हलका पांगारा या कामाला फार चांगला. या ठोकळ्यामुळे सर्वांत कठीण वळणावर फळीला सलग बैठक मिळते, आणि माझ्या अनुभवात नाळेजवळच्या तडकण्याच्या बहुतेक तक्रारी एवढ्यानेच थांबतात.

आपल्या जहाजावर फळ्या आधीच बसल्या आहेत, तेव्हा पुढच्या तिसऱ्या हिश्शातल्या फळ्या काढाव्या लागतील. साधा पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉल, वापरला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने सांध्यात सोडावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पातळ पाते घालून फळी हलकेच उचलावी; फेविक्विक वापरले असेल तर त्याला अ‍ॅसिटोन लागते, आणि तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात व देवघरातला दिवाही विझवावा. जोड अर्थातच कुठल्या तरी चौकटीच्या मध्यावर येईल असा कापावा. या प्रकारच्या संचांत बहुधा फळ्यांचे दोन थर असतात, आधी जाडसर साध्या लाकडाचा आणि त्यावर अक्रोडासारख्या लाकडाचा पातळ. आपला संच तसा असेल तर पहिला थर पुढे कुणालाच दिसणार नाही, त्यामुळे त्याच्या देखणेपणाची चिंता सोडून केवळ आकाराची चिंता करा.

फळ्या पुढे एकमेकींवर चढतात आणि मागे फटी पडतात, याचे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. जहाजाच्या अंगाचा घेर सगळीकडे सारखा नसतो, आणि आपण मात्र सगळीकडे सारख्या रुंदीच्या फळ्या लावीत गेलात. असे समजा की मधल्या चौकटीवर वरच्या फळीपासून कण्यापर्यंतचे अंतर कागदाच्या पट्टीने, अंगाला लावून, मोजले आणि ते ७२ मि.मी. भरले. फळी ५ मि.मी. रुंद असेल तर तिथे १५ फळ्या लागतील आणि प्रत्येक फळी किंचित तासून ४.८ मि.मी. करावी लागेल. तेच अंतर नाळेपाशी ४५ मि.मी. भरले, तर त्याच १५ फळ्यांना तिथे प्रत्येकी ३ मि.मी. जागा आहे, म्हणजे प्रत्येक फळी मध्यापासून नाळेकडे हळूहळू निमुळती करत ३ मि.मी.वर आणली पाहिजे. सुकाणूकडे ते ८४ मि.मी. भरले, तर १५ फळ्या पूर्ण रुंदीने लावल्या तरी ७५ मि.मी.च होतात आणि ९ मि.मी.ची उणीव राहते. ती दोन पाचरीच्या फळ्या घालून भरून काढायची असते. खऱ्या जहाजांचे सुतारही मागच्या बाजूला अशा पाचरी घालीत, तेव्हा त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त एक मर्यादा पाळावी: कोणतीही फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नये, कारण तसे टोक गोंदही धरत नाही आणि टाचणीही. तशी वेळ आलीच तर दोन फळ्या संपवून त्यांच्या जागी एक रुंद फळी सुरू करावी.

हा हिशेब प्रत्येक चौकटीवर करून पेन्सिलीने खुणा केल्या की फळी कुठे जाणार हे आधीच कागदावर ठरते. फळी आडवी, म्हणजे तिच्या जाडीच्या दिशेने, आनंदाने वाकते. पण रुंदीच्या दिशेने ती वाकत नाही. तिला तशी ओढली की तिची एक कड उचलते आणि ती शेजारणीवर चढते. म्हणून मोकळी फळी चौकटींवर ठेवून ती आपोआप कुठल्या वाटेने जाऊ पाहते ते बघावे, आणि तिच्या त्या वाटेत व पेन्सिलीच्या खुणांत जो फरक असेल तेवढाच तिच्या कडेतून तासून काढावा. वडिलांचा छोटा रंधा त्यासाठी उत्तम आहे. फळी दोन सरळ लाकडांत धरून तिची कड वर ठेवली की काम सोपे होते.

भिजवण्याबद्दल आपला जो समज झाला आहे तो फार प्रचलित आहे. लाकूड पाण्याने वाकत नाही, उष्णतेने वाकते. पाणी फक्त ती उष्णता आत पोचवते आणि लाकूड करपू देत नाही. दीड मि.मी. जाडीच्या फळीला पंधरा-वीस मिनिटे पाणी पुष्कळ झाले. त्यानंतर ती गरम इस्त्रीच्या टोकावर किंवा सोल्डरिंग आयर्नवर बसवलेल्या जाड नळीवर हळूहळू ओढत वाकवावी आणि ओलसर असतानाच जागेवर नुसती चिमट्यांनी धरून ठेवावी, कपडे वाळत घालण्याचे चिमटेसुद्धा चालतात. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर, तिने धरलेल्या वळणासह, ती गोंदाने बसवायची. आपण रात्रभर भिजवलेल्या फळ्या तशाच ओल्या, आणि त्यातही कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत, चिकटवल्या. लाकूड पाणी पिऊन रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. मग मार्चच्या कोरड्या हवेत प्रत्येक फळी रुंदीने केसभर आकसली आणि सांधे उघडले. भेगांचे कारण एवढेच आहे. लाकडात दोष नाही, संचातही नाही.

या भेगा आत्ताच, कोरड्या दिवसांत भराव्यात हे बरे, पण लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भरू नयेत. तो लगदा वाळल्यावर आकसतो, आणि वर दिसणारा थर असेल तर पॉलिश पीत नाही, त्यामुळे तिथे कायमचा फिका डाग राहतो. मोठ्या भेगेत त्याच लाकडाची पातळ कपची पाचरीसारखी तासून गोंदासह बसवा आणि वाळल्यावर सपाट करा. पहिल्या थरातल्या अगदी बारीक भेगांना साधे लाकडाचे फिलर पुरे. दुसरा थर मात्र ऑक्टोबरनंतर लावायला घ्या, किंवा पावसाळ्यातच हात शिवशिवत असतील तर फळ्या आठवडाभर दिव्याच्या उबेला बंद कपाटात ठेवून मग वापरा.

गोंद पांढराच वापरा. चटकन धरून ठेवण्यासाठी टोकाला फेविक्विकचा एक ठिपका चालेल, पण सबंध फळी त्याने बसवू नये. ती सरकवून दुरुस्त करायला वेळ मिळत नाही, सांडलेल्या जागी लाकडावर पांढुरकी झाक येते आणि सांधा ठिसूळ होतो. आणि फळ्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने लावाव्यात, एक डावीकडे आणि लगेच तिच्या जोडीची उजवीकडे. माझ्या पहिल्या जहाजाची डावी बाजू मी उत्साहाच्या भरात दोन दिवसांत पूर्ण केली होती. वाळताना त्या बाजूने ओढ घेतली आणि कणा काकडीसारखा वाकला. नंतर उजव्या बाजूने कितीही जोर केला तरी तो सरळ झाला नाही. ते जहाज अजून माझ्याकडे आहे. वरून पाहिले की ते वळण घेत असल्यासारखे दिसते, आणि पाहुण्यांना ते मुद्दाम केले आहे असे वाटते.

लाकडाविषयी आपण विचारले नाही, पण गुराबीचा विषय काढला आहे म्हणून सांगतो. टिंबर मार्केटमध्ये गेल्यावर कुणीही आपल्याला सागवान दाखवील. खऱ्या जहाजाला त्याच्यासारखे लाकूड नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. पण १:७५ च्या प्रतिकृतीवर सागाच्या जाड रेषा आणि उघडी छिद्रे पंचाहत्तर पटींनी मोठी दिसतात, आणि एका फळीवर एकच रेषा येऊन सारा देखावा बिघडतो. शिवाय त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे गोंद नीट धरत नाही; तो वापरायचाच असेल तर चिकटवण्याआधी सांधा अ‍ॅसिटोनने पुसावा. आपल्याकडच्या लाकडांत प्रतिकृतीसाठी हेदू, म्हणजे हळदू, मला सर्वांत आवडतो: पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचा, तासायला गोड. शिवणही चांगली, हलकी आणि हवामानाने फारशी न हलणारी. सुतारांकडे या दोहोंचे उरलेले तुकडे मिळाले तर सोडू नका. प्रतिकृतीला वीतभर तुकडा पुष्कळ होतो.

फळ्यांवर लाकडी खिळे दाखवायची हौस अनेकांना असते. खऱ्या जहाजावर ते साधारण ३८ मि.मी. व्यासाचे, म्हणजे आपल्या प्रमाणात अर्ध्या मि.मी.चे. ते करण्याची युक्ती कोल्हापूरकरांना सोपी आहे, कारण गुजरीत सोन्या-चांदीची तार ओढण्याचे जंतर, म्हणजे लहान होत जाणाऱ्या छिद्रांची पोलादी पट्टी, सोनारांच्या ओळखीने मिळू शकते. बांबूची बारीक काडी चिरून या जंतरातून एकेका छिद्रामधून ओढत न्यायची; फक्त तार ज्या बाजूने घालतात त्याच्या उलट बाजूने काडी घालायची, कारण त्या बाजूची धारदार कड तिला दाबण्याऐवजी तासते. पहिल्या जहाजावर मात्र हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ध्या मि.मी.चे छिद्र पाऊण मि.मी.चे झाले की सबंध जहाजाला देवीचे व्रण आल्यासारखे दिसते. गुजरीतून चिमटे, बारीक गिरमिट आणि डोळ्याला लावायचे भिंग एवढे आणले तरी पुरे.

डोलकाठ्या गोल काठीला वर निमुळते घासून केल्या तर त्या हमखास एका अंगाला झुकतात. चौकोनी काठी घ्यावी, तीही करवतीने कापलेली नव्हे तर रेषेच्या दिशेने चिरलेली, म्हणजे ती पुढे वाकत नाही. ती चौकोनी असतानाच निमुळती करावी, मग प्रत्येक बाजू ७, १० आणि ७ या प्रमाणात विभागून चारही कोपरे उतरवावेत म्हणजे अष्टकोन मिळतो, मग सोळा बाजू आणि शेवटी गोल. परबाणे, म्हणजे शिडे टांगण्याच्या आडव्या काठ्या, त्याही तशाच, मात्र मध्यापासून दोन्ही टोकांना निमुळत्या.

दोरकामाची भीती ही गाठींच्या संख्येची असते, गाठींची नसते. दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर ते सुकर होते. पहिली म्हणजे डोलकाठीवर आणि परबाणावर ज्या कप्प्या, आकडे आणि दोर बांधायचे असतील ते सारे काठी टेबलावर असतानाच बांधावेत. काठी जहाजावर उभी राहिली की चिमटा पोचत नाही आणि हात शेजारचे दोर तोडतो. दुसरी म्हणजे आतून बाहेर आणि खालून वर या क्रमाने जावे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारे जाड दोर आधी, पुढे-मागे ताणणारे नंतर, आणि शिडे हलवणारे बारीक दोर शेवटी. आधाराचे दोर खऱ्या जहाजावर डांबरात बुडवलेले असत म्हणून ते गडद तपकिरी ठेवा, हलणारे दोर फिक्या तागाच्या रंगाचे. जुन्या कागदपत्रांतून दोरांची मापे काढाल तेव्हा सावध राहा, कारण तिथे दोराचा घेर दिलेला असतो, व्यास नव्हे, घेर ३.१४ ने भागल्याशिवाय दोर घेतलात तर तो तिप्पट जाड होईल.

आधाराच्या दोरांवरच्या शिडीसारख्या पायऱ्यांसाठी एका पांढऱ्या कागदावर ५ मि.मी. अंतराने आडव्या रेघा मारून तो कागद दोरांच्या मागे अडकवा. प्रत्येक दोरावर क्लोव्ह हिचची, म्हणजे दोन वेढ्यांची, गाठ घालायची, आणि ती ओढायची नाही, फक्त बसवायची. ओढली की उभे दोर आत खेचले जाऊन शिडीला डमरूसारखी कंबर येते. दिवसाला चार ओळींपेक्षा जास्त करू नका. दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा घ्या, कारण सुती दोर पावसाळ्यात ताणून काठ्या वाकवतो आणि उन्हाळ्यात लोंबतो. वापरण्याआधी तो मधमाशीच्या मेणावरून ओढून घेतला की तंतू बसतात. मनासारख्या जाडीचा दोर बाजारात मिळत नसेल तर तो घरी वळता येतो: तीन पदरांना एका दिशेने पीळ द्यायचा आणि मग तिन्ही एकत्र उलट दिशेने वळू द्यायचे. बेंदराच्या आधी कासरा वळताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी वेगळे काय सांगणार. फरक इतकाच की इथे एका टोकाला ड्रिल मशीन असते. शिडे पहिल्या जहाजाला लावूच नका. कापड कितीही तलम असले तरी या प्रमाणात ते गोणपाट दिसते.

पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे दोन पातळ हात मला पुरेसे वाटतात. जवसाचे तेल वापरणार असाल तर तेलाचे फडके चोळामोळा करून कधीही टाकू नका. ते वाळताना आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. उघडे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. जहाज काचेच्या पेटीत ठेवावे, पण पेटी अगदी हवाबंद करू नये. संचातल्या तोफा शिशाच्या असतील तर प्लायवुडमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने बंद पेटीत त्यांच्यावर पांढरी भुकटी चढते आणि काही वर्षांत त्या विरतात. खाली दोन-चार बारीक छिद्रे ठेवा, आणि जमल्यास पितळी तोफा उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवर करून घ्या.

नातवाला सांगा की रंकाळ्यात सोडले तर जहाज कलंडेल. लांबी ७५ पट कमी केली की वजन ४,२१,८७५ पट कमी होते. १,००० टनांचे जहाज आपल्या टेबलावर जेमतेम २.४ किलोंचे व्हायला हवे. वारा मात्र तोच राहतो. त्याचा कलवणारा जोर लांबीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो आणि जहाजाला सावरणारी ताकद चौथ्या घाताने, म्हणजे प्रतिकृती मूळ जहाजापेक्षा ७५ पट अधिक लवकर कलते. म्हणूनच पाण्यात सोडायच्या नौकांना खाली खोल, शिशाने जड केलेला खोटा कणा लावावा लागतो. नातवाला एका लाकडी ठोकळ्याची वेगळी होडी करून द्या. तिच्या तळाला वजन लावण्याचे काम त्यालाच सांगा.

आणि गुराब. ती अवश्य करा, आणि आपल्याला वाटते त्याहून ती सोपी जाईल. आपण आत्ता जिच्याशी झुंजत आहात ती युरोपीय जहाजाची गरगरीत, फुगीर नाळ गुराबीला नसते. आंग्र्यांच्या काळातल्या वर्णनांप्रमाणे गुराब लांबीच्या मानाने रुंद आणि कमी पाण्यात चालणारी असे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई आणि भूमध्य समुद्रातल्या गॅलींसारखी तिची नाळ पुढे झेपावलेली असे. या नाळेवरही मुख्य डेकच्या पातळीत एक डेक असे, आणि दोहोंच्या मधल्या आडव्या भिंतीतल्या झरोक्यांतून ९ किंवा १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असत. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची आणि तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची. तिच्याबरोबरचे गलबत क्वचितच ७० टनांच्या वर जाई. त्याला चाळीस-पन्नास वल्ही आणि मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड असे. निमुळत्या नाळेवर फळी सावकाश वळते, तिला एकदम मुरड पडत नाही, त्यामुळे तडकण्याचा धोका पुष्कळ कमी. १:४८ हे प्रमाण घ्या, हाताला बरे पडते.

१७५६ साली विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराची राख झाली, तेव्हा मूळ नौकेवर टेप लावून मोजण्याचा मार्ग आपल्याला नाही. पण कोकणातल्या सुतारांचा हात अजून पाहता येतो. माझी सूचना अशी की गुराबीच्या आधी एक साधी कोकणी होडी, प्रत्यक्ष मोजून, करावी. पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेच्या आधी, गगनबावड्याचा घाटरस्ता चालू आहे ना याची चौकशी करून विजयदुर्ग किंवा मालवणकडे जा. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, त्यामुळे तळापर्यंत सगळे अंग उघडे दिसते. आता पुष्कळ होड्या फायबरच्या झाल्या आहेत, तेव्हा लाकडी कुठे आहे हे विचारत जावे लागेल. मालकाची परवानगी घ्या, नाळेपासून मागपर्यंत एक दोरी समपातळीत ताणा, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर ओळंबा सोडा आणि प्रत्येक ठिकाणी रुंदी व खोली टिपून घ्या. तेवढ्या आकड्यांवरून घरी येऊन चौकटी काढता येतात. फळ्या नाळेपाशी किती अरुंद केल्या आहेत आणि मागे पाचर कुठे घातली आहे तेही मोजा. बरोबर साधी मोजपट्टी न्या, वडिलांची नको.